लेकीच्या लेकाचे कूळ

कुलवृत्तांत छापण्याची प्रथा आपल्याकडे विसाव्या शतकात रूढ झाली. तत्पूर्वी घराण्याची माहिती म्हणजे वडील माणसांचे पाठांतर, नाहीतर नाशिक-त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्या. आज पुष्कळ कोकणस्थ घरांतून असा एखादा जाड ग्रंथ कपाटात असतो. लग्न जुळविताना तो बाहेर निघतो. प्रत्येकजण आपले पान शोधतो आणि ग्रंथ पुन्हा जागेवर जातो. आमच्या सासरच्या घराण्याचा ग्रंथ आता नव्याने छापावयाचा ठरला असून प्रत्येक शाखेकडे माहितीचा तक्ता आला आहे. यजमानांच्या पश्चात आमच्या शाखेचा तक्ता भरण्याचे काम मजकडे आले, आणि एका रकान्यापाशी माझी लेखणी अडली.

मुलाच्या नावापुढे पत्नी, अपत्ये, शिक्षण, व्यवसाय असे सारे रकाने आहेत. मुलीच्या नावापुढे 'सासरचे घराणे' एवढा एकच. माझी मुलगी गेली बारा वर्षे एडिंबरा येथे असते. जावई स्कॉटिश, स्काय बेटावरील मॅक्लाउड कुळातले. त्यांचा मुलगा आठ वर्षांचा आहे. मध्यंतरी शाळेत त्याला घराण्याविषयी लिहून आणावयास सांगितले होते. फोनवरून त्याने विचारले, "आजी, बाबांचं क्लॅन मॅक्लाउड. आईचं कुठलं?" मी त्याला आमचे गोत्र सांगितले, गुहागरचा व्याडेश्वर आणि अंबेजोगाईची योगेश्वरी सांगितली. कुलवृत्तांताची गोष्ट निघाली तेव्हा तो लगेच म्हणाला, "त्या पुस्तकात मी आहे का?"

या प्रश्नामुळे जावयांच्या कुळाविषयी मिळेल ते वाचण्याचा मला नाद लागला. क्लॅन हा शब्द स्कॉटलंडच्या गेलिक भाषेतला. त्याचा मूळ अर्थ 'मुले', 'संतती'. 'मॅक' म्हणजे पुत्र; लिओड नावाच्या मूळ पुरुषाचे ते मॅक्लाउड. कुळाला नायक, बोधचिन्ह आणि ब्रीद असते. मॅक्लाउडांचे ब्रीद 'घट्ट धरून राहा' अशा अर्थाचे आहे. स्काय बेटावरील डन्व्हेगन किल्ल्यात त्यांनी एक जीर्ण रेशमी निशाण पिढ्यान्‌पिढ्या जपले आहे. ते परीने दिले अशी आख्यायिका आहे. आपण देव्हाऱ्यातील टाक जपतो, त्याच भावनेने ते निशाण जपले गेले असावे.

परंतु या कुळांचा इतिहास पाहता एक गोष्ट ध्यानात येते, ती ही की, ती केवळ रक्ताने बांधलेली नव्हती. नायकाच्या आश्रयास राहिलेली इतर माणसेही त्याचेच नाव लावीत. १७४६ साली कलोडनच्या रणांगणावर हायलँडमधील बंडवाल्यांचा पराभव झाला. नायकांचे न्यायाधिकार काढून घेण्यात आले, आणि पुरुषांनी परंपरागत वेश घालण्यास कायद्याने मनाई झाली. ही मनाई १७८२ साली उठली. पुढे १८२२ साली राजा चौथा जॉर्ज एडिंबरास आला, तेव्हा सर वॉल्टर स्कॉटने घडविलेल्या समारंभात त्या वेशाला पुन्हा प्रतिष्ठा लाभली. कोणत्या कुळाचे चौकड्यांचे कापड कोणते, हे बहुतांशी एकोणिसाव्या शतकातच निश्चित झाले. म्हणजे ज्याला आपण पुरातन म्हणतो, त्यातील बराचसा भाग मागल्या पाच-सहा पिढ्यांतील माणसांनी विचारपूर्वक रचलेला असतो. आपल्या कुलवृत्तांतांचीही गोष्ट याहून फारशी वेगळी नाही.

याच मॅक्लाउड कुळात १९३५ साली नायकपद एका स्त्रीकडे आले. डेम फ्लोरा मॅक्लाउड या अठ्ठाविसाव्या नायिका. त्या १९७६ साली निवर्तल्या आणि त्यांच्यामागे नायकपद मिळाले ते त्यांच्या कन्येच्या मुलाला. त्याने आजीच्या कुळाचे नाव धारण केले होते. इतके दूर तरी कशास जावे? मराठ्यांचा इतिहास १८२६ साली प्रसिद्ध करणारा, साताऱ्यास राहून गेलेला ग्रँट डफ आपणा सर्वांस ठाऊक आहे. तोही स्कॉटलंडचाच. त्याचे वडील ग्रँट आणि आई डफ घराण्यातली. आईकडची एडन येथील जमीनजुमला त्याच्याकडे आला. ज्या नावाने आपण त्याला ओळखतो त्यात आजोळ सामावलेले आहे.

आमच्या घराण्यातील एक वडील दीर या कामी पुढाकार घेतात. मी त्यांना विचारले तेव्हा ते म्हणाले, "वहिनी, वंश पुत्रांवरून चालतो. तो मुलगा मॅक्लाउडांचा. त्याची नोंद त्यांनी करावी. शिवाय एकीची मुले घेतली तर साऱ्यांचीच घ्यावी लागतील, आणि ग्रंथ दुप्पट होईल."

त्यांचे म्हणणे अगदीच अवास्तव नव्हे. कागद आणि छपाई यांना खर्च पडतो. तथापि मी म्हटले, "भाऊजी, आश्विन शुद्ध प्रतिपदेला आजेपाडवा येतो. त्या दिवशी मातामहाचे श्राद्ध दौहित्राने करावे, हे आपलेच शास्त्र ना? पौत्र आणि दौहित्र यांत धर्मतः भेद नाही, असे मनुस्मृतीच्या नवव्या अध्यायात आहे. मुलीला वडिलार्जित मिळकतीत मुलाप्रमाणे जन्मतः हक्क महाराष्ट्रात १९९४ साली आणि साऱ्या देशात २००५ साली मिळाला. तर्पणास चालतो, कायद्यास चालतो, तो ग्रंथासच कसा चालत नाही?"

भाऊजी काही वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "मंडळींपुढे ठेवून पाहतो."

मंडळी काय ठरवितात ते यथावकाश कळेल. माझ्या माहेरच्या ग्रंथात माझी नोंद एका ओळीची आहे: नाव, आणि पुढे सासर. त्यापुढची माझी पन्नास वर्षे तेथे नाहीत. सासरच्या ग्रंथात आमच्या शाखेचे स्थलांतर मात्र तपशीलवार दिले आहे: गुहागराजवळच्या खेड्यातून गिरगावच्या चाळीत, तेथून डोंबिवलीस, आणि डोंबिवलीहून दिव्याच्या वाटेवरील या कोपरला. पोटापाण्यासाठी पुत्र जेथे जेथे गेला तेथे तेथे ग्रंथ त्याच्यामागून गेला. मग कन्या एडिंबराला गेली म्हणून त्याने तेवढ्यावरच का थांबावे?

तक्त्यात जागा नव्हती म्हणून मी एक कोरा कागद जोडला आणि त्यावर मुलीचे शिक्षण, तिचा व्यवसाय, जावयांचे नाव व कूळ, आणि नातवाचे नाव, जन्मस्थळ एडिंबरा, असे सुवाच्य अक्षरात लिहिले. नातवाला कळविले की, आजीने लिहिलेल्या पानावर तू आहेस. वाचक भगिनींनो, आपल्याही घरी असा तक्ता आज ना उद्या येईल. तो भरताना लेकीच्या नावापुढची जागा अपुरी वाटली, तर एक कागद अवश्य जोडावा.