वेळासचा जमाखर्च

बागमांडल्याहून फेरीबोटीने बाणकोटची खाडी ओलांडली की रत्नागिरी जिल्हा लागतो. तेथून थोड्याच अंतरावर वेळास. नारळी-पोफळींच्या बागा, कौलारू घरे आणि पुढे ऐसपैस किनारा. नाना फडणविसांचे हे मूळ गाव. पण हल्ली फाल्गुन-चैत्रात पाहुण्यांची रीघ लागते ती कासवांसाठी!

ऑलिव्ह रिडले जातीची मादी हिवाळ्यात रात्री किनाऱ्यावर चढते, हातभर खोल खड्ड्यात शंभरएक अंडी घालते, वर वाळू लोटते आणि निघून जाते. पिल्लांचे तोंड ती कधीच पाहत नाही. मग कोल्ही-कुत्री टपलेलीच असतात. पूर्वी माणसेही असत. २००२ साली चिपळूणच्या 'सह्याद्री निसर्ग मित्र' संस्थेने येथे राखणीचे काम आरंभले.

ही राखण करणाऱ्या एका काकांबरोबर मी कुंपणापाशी उभा होतो. पहाटे माग काढून ही मंडळी अंडी शोधतात आणि कुंपणाच्या आत तशाच खड्ड्यात पुरतात.

"जशी असतील तशीच उचलायची," काका म्हणाले. "उलटी झाली तर आतला जीव जातो."

प्रत्येक खड्ड्यावर तारीख आणि अंड्यांची संख्या. पन्नासएक दिवसांनी पिल्ले वर आली की मोजणी होते : जिवंत किती, मेलेली किती, रिकामी टरफले किती, नासलेली अंडी किती. उन्हाचाही हिशेब असतोच. वाळू उबदार असेल तर माद्या अधिक, गार असेल तर नर. फारच तापली तर अंडीच वाया जातात.

काकांनी टोपली उचलली. तळहातापेक्षा लहान, काळी पिल्ले तुरुतुरु समुद्राकडे निघाली. एक मागे रेंगाळले.

"त्याला उचलून पाण्यात सोडा ना," मी म्हटले.

"छे हो! ही वाट त्याचे त्यानेच चालायची."

हजारांत एखादेच मोठे होते म्हणतात. मग एवढा खटाटोप कशाला, असे विचारताच काका हसले.

"लहानपणी आम्ही हीच अंडी खाल्ली आहेत. ते देणे फेडायला नको का?"

एवढ्यात लाट आली. ती ओसरली तेव्हा वाळूवर पिल्लू नव्हते. काकांनी खिशातून वही काढली आणि त्या दिवसाचा आकडा मांडला.