२० लिटरचा जार

मी जिमला गेलो नव्हतो. हे आधीच सांगतो, कारण डॉक्टरांनीही पहिला प्रश्न तोच विचारला.

ऑपरेशनला १६ दिवस झाले होते. फ्लॅटवर पाणी संपलेलं, दोघं रूममेट ऑफिसला. मी २० लिटरचा जार उचलला आणि डिस्पेन्सरवर पालथा केला. दुखलंही नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी व्हेस्ट काढून बघतो तर डावी बाजू फुगलेली. दाबलं की आत पाणी हलल्यासारखं.

मला गायनेकोमॅस्टिया होता. म्हणजे पुरुषाच्या छातीत स्तनग्रंथी वाढणं. वयात येताना बऱ्याच मुलांना होतं आणि बहुतेकांचं वर्ष-दोन वर्षांत आपोआप जातं. माझं गेलं नाही. नववीत गावच्या विहिरीत सगळे उड्या मारायचे तेव्हा मी काठावर त्यांचे कपडे सांभाळत बसायचो. पाणी बाधतं म्हणून सांगायचो. मग चार वर्षं जिम. बेंच प्रेस ६० किलोपर्यंत नेला. कुणी तरी वेळीच सांगायला हवं होतं की ग्रंथी म्हणजे चरबी नव्हे, ती व्यायामानं वितळत नाही. उलट खालचा स्नायू वाढला की ती आणखी पुढे येते.

तरीही ‘सहा आठवडे जिम बंद’ ऐकून पोटात गोळा आला होता. या छातीविरुद्ध मी काही तरी करतोय, असं वाटायला लावणारी तेवढी एकच जागा होती.

डॉक्टरांनी सिरिंजनं पिवळसर पाणी काढलं. याला सेरोमा म्हणतात. मग कागदावर दोन रेघा मारल्या. वर कातडी, खाली स्नायू, मध्ये ग्रंथी होती तिथे पोकळी. या दोन रेघा एकमेकींना चिकटायच्या असतात, म्हणून तो घट्ट व्हेस्ट. हातानं जोर लावला की खालचा स्नायू सरकतो आणि पोकळीत पाणी साचतं.

“फेविकॉल लावून ठेवलेलं लाकूड तू रोज हलवून बघतोस का?” ते म्हणाले.

“पण मी व्यायाम केलाच नाही, डॉक्टर.”

“छातीला काय माहीत तू जार उचललास की डंबेल?”

सुरुवातीचे दोन आठवडे धावायलाही बंदी का, तेही तेव्हा कळलं. रक्तदाब वाढला की आत रक्तस्राव होऊ शकतो. आणि टाके वरून छान दिसतात म्हणून फसायचं नाही. तीन आठवड्यांनी जखमेत मूळ कातडीच्या जेमतेम पाव ताकद आलेली असते.

चालणं मला दुसऱ्या दिवसापासूनच सांगितलं होतं. तीन आठवड्यांनी व्हेस्ट घालून सायकल मिळणार होती, ती पाचव्यावर गेली. छातीचा व्यायाम आठव्यावर. प्रत्येक सर्जनचं वेळापत्रक वेगळं असतं, त्यामुळे माझे आकडे उचलू नका.

आठव्या आठवड्यात बेंचवर आडवा झालो. नुसता रॉड, तोही २० किलोचाच. पाच वेळा उचलला, डाव्या बाजूला हात लावून बघितला आणि उठलो.

त्या रात्री डॉक्टरांना मेसेज केला, पोहायला कधी जाऊ? जखमा पूर्ण भरल्यात, आता चालेल, पण फ्रीस्टाइल हळूहळू वाढव, असं उत्तर आलं.

मला पोहताच येत नाही, हे काही त्यांना कळवलं नाही.