मी बाहेर आले की विकेट जाते!

कसालला मुद्दाम असं कुणी येत नाही. मुंबई-गोवा महामार्गावर कणकवली सोडली की कुडाळच्या आधी आमचं गाव लागतं आणि तिठ्यावरून मालवणचा रस्ता फुटतो. समुद्र आणि सिंधुदुर्ग किल्ला बघायला निघालेली मंडळी इथे चहापुरती थांबतात, 'मालवण अजून किती लांब?' विचारतात आणि जातात. माझं माहेर सांगलीचं. २०११च्या फेब्रुवारीत लग्न होऊन आले तेव्हा मलाही वाटलं होतं, इथे बघण्यासारखं आहे तरी काय? जांभ्या दगडाची घरं, फणस-काजूची झाडं, आणि भात कापून झालं की रिकाम्या कुणग्यांत काळोख पडेपर्यंत चालणारं पोरांचं क्रिकेट.

क्रिकेटशी मात्र माझी ओळख जुनी. माहेरी बाबांच्या शेजारी बसून मी सामने बघत असे. एलबीडब्ल्यू म्हणजे काय, हे मला दहाव्या वर्षी समजत होतं. (आमटी करायला मात्र लग्न ठरल्यावर शिकले, हे मैत्रिणींना सांगायला हरकत नाही.) पण नव्या सुनेनं हे सगळं कुणाला सांगायचं?

दोनच महिन्यांत, २ एप्रिलला, वानखेडेवर विश्वचषकाची अंतिम फेरी आली. श्रीलंकेनं २७४ धावा केलेल्या. आमच्या माजघरात पंधरा-वीस पुरुषमाणसं आणि पोरं दाटीवाटीनं बसलेली. सेहवाग दुसऱ्याच चेंडूवर गेला तेव्हा मी घावण्यांच्या तव्यापुढे होते. थोड्या वेळानं चहाचा ट्रे घेऊन उंबऱ्यावर आले, आणि नेमका तेव्हाच मलिंगाच्या चेंडूवर सचिन बाद झाला! अठरा धावांवर. खोलीत सुतक पडल्यासारखी शांतता. मग काका, म्हणजे माझे चुलतसासरे, माझ्याकडे बघून म्हणाले, "सूनबाये, तू भायर येव नको गो. विकेट जाता."

सगळे हसले. मीही हसले आणि आत गेले. थट्टाच होती ती, पण पुढचे तीन तास मला कुणी बाहेर बोलावलं नाही, हेही खरं. गंभीरच्या ९७ धावा मी भिंतीपलीकडून ऐकल्या. धोनीचा तो षटकारही पाहिला नाही. आधी माजघरात एकच ओरडा उठला, मग महामार्गावरून ट्रकांचे भोंगे वाजू लागले, मग तिठ्यावर फटाके. मी स्वयंपाकघराच्या खिडकीशी उभी होते. बाहेर फणसाचं झाड आणि काळोख. देश जिंकल्याचा आनंद झालाच हो, पण डोळ्यांत पाणी आलं ते सगळं आनंदाचं नव्हतं.

त्यानंतर मोठा सामना असला की मी आपणहून आतच राहायची. घरात ती एक रीतच होऊन बसली.

२०१७च्या जुलैत महिलांच्या संघानं अंतिम फेरी गाठली. उपांत्य सामन्यात हरमनप्रीतनं ऑस्ट्रेलियाविरुद्ध नाबाद १७१ धावा काढल्या होत्या, तरी घरातल्या पुरुषांना या सामन्याचं फारसं अगत्य नव्हतं. जेवून सगळे पडवीत गप्पा मारत बसले. त्यामुळे झालं काय, की टीव्हीसमोरची खुर्ची मला मिळाली! शेजारी सासूबाई. पूनम राऊत छान खेळत होती, ३ बाद १९१ झालेल्या, जिंकायला फक्त २२९ हव्या होत्या, आणि लाईट गेली. कोकणातला पाऊस आणि लाईट यांचं नातं सांगायला नकोच. मोबाइललाही रेंज नाही.

त्या अंधारात सासूबाई बोलायला लागल्या. १९८३ साली त्याही नव्या नवरीच होत्या. लावणीचे दिवस, दिवसभर चिखलात वाकून कंबर मोडलेली. रात्री ओसरीवर पुरुष ट्रान्झिस्टरला कान लावून बसलेले, आणि या चुलीपाशी. "त्या रिचर्डाक सगळे शिव्या घालीत होते, म्हणून नाव लक्षात रवला," त्या म्हणाल्या. कपिल देव मागे पळत गेला आणि त्यानं झेल घेतला, हे त्यांनी ओसरीवरच्या बोलण्यातूनच ऐकलं. चौतीस वर्षांत हे त्यांना कुणी विचारलंच नव्हतं. मीही नाही.

पहाटे लाईट आली तेव्हा कळलं, आपण नऊ धावांनी हरलो.

आणि मग परवाची, २०२५ची २ नोव्हेंबर. तुळशीच्या लग्नाची गडबड, त्यात अर्धवट कापलेलं भात आणि अवकाळी पावसाची धास्ती. तिकडे नवी मुंबईतही पावसानं सामना दोन तास उशिरा सुरू झाला. या खेपेला मात्र माजघर भरलं होतं. तीनच दिवसांपूर्वी जेमिमानं नाबाद १२७ करून ऑस्ट्रेलियाला हरवलेलं सगळ्यांनी पाहिलं होतं. काका आता थकलेत, पण तेही काठी टेकत आले. माझी बारा वर्षांची लेक पुढेच बसलेली. स्मृती मानधना आमच्या सांगलीत वाढलेली, म्हणून तिच्या ४५ धावा होईपर्यंत मी दारात उभी राहून बघितलं. शेफालीच्या ८७ धावाही तशाच, दाराला टेकून. आपल्या २९८ झाल्या.

पण दक्षिण आफ्रिकेची वोल्वार्ड काही हलेना. शंभर झाल्या तिच्या. काका मान हलवायला लागले. मी चहाचं आधण गॅसवर ठेवलं आणि पाय दुखले म्हणून लेकीमागच्या रिकाम्या खुर्चीवर जरा टेकले. टेकले मात्र, तिनं चेंडू उंच उडवला! अमनजोतच्या हातातून तो उडाला, पुन्हा उडाला आणि अखेर एका हातात बसला. त्याच षटकात आणखी एक गेली. मी चहा बघायला उठले तर काका केवढ्यांदा ओरडले, "बस गो थयच! हालू नको!"

मग कशाची उठते मी? शेवटचा झेल हरमनप्रीतनं मागे पळत जाऊन घेतला. सासूबाईंनी माझा दंड घट्ट धरला होता. "कपिलान असोच घेतलो होतो ना?" त्या विचारत होत्या. मध्यरात्र झाली होती. महामार्गावर भोंगे वाजले की नाही, कोण जाणे. घरातच इतका आरडाओरडा, मला काही ऐकूच आलं नाही.

करपल्याचा वास आला तो बऱ्याच वेळानं. चहाचं आधण आटून पातेलं कोळसा झालं होतं. चिंच लावून झाली, राखेनं घासून झालं, लिंबाची साल उकळून झाली. तळ अजून काळाच आहे.