शाळेचं पहिलं सत्र आणि आमची पडवी



चातुर्मास सरत आला की मी इथे दर वर्षी काही ना काही स्वयंपाकाचं लिहिते. पालेभाजी नाही, कंदमूळ नाही, मग रोज डब्यात द्यायचं काय, हा आपला सगळ्यांचाच प्रश्न. यंदा भाजीचा विषय येईलच, पण शाळेच्या वाटेने येईल.

आम्ही दोघं भोंगवलीत राहायला आलो हे तुम्हाला ठाऊक आहे. भोर तालुका म्हटला की लोकांना रायरेश्वर, रोहिडा, भाटघरचं धरण आठवतं. शेजारच्या वेल्ह्यात राजगड आणि तोरणा. भोंगवली मात्र तालुक्याच्या पूर्वेकडे. पश्चिमेला धो धो कोसळणारा पाऊस इथवर येईपर्यंत हात आखडता घेतो. पुणे-सातारा रस्ता जवळ, नीरा ओलांडली की शिरवळचे कारखाने जवळ. त्यामुळे इथल्या पुष्कळ घरांत थोडी शेती आणि थोडी कंपनीतली पाळी असं दोन्ही चालतं.

इथल्या एका माध्यमिक शाळेतल्या बाईंशी माझी ओळख झाली ती पिठाच्या गिरणीत. मी बी.कॉम. आहे हे कळल्यावर त्या म्हणाल्या, "काकू, शनिवारी सकाळची शाळा असते. आमच्या नववीच्या मुलांना हिशोब लिहायला शिकवाल का?" पदवी घेतल्यापासून माझं वाणिज्य किराण्याच्या वहीपलीकडे गेलं नव्हतं. मी लगेच हो म्हटलं.

आपल्याकडे ज्येष्ठ शुद्ध पंचमीला श्रुतपंचमी. धरसेनाचार्यांकडून मिळालेलं ज्ञान पुष्पदंत आणि भूतबली या मुनींनी षट्खंडागमात लिहून पूर्ण केलं, तो हा दिवस. त्याच्याच आगेमागे, जूनच्या मध्याला शाळा उघडते. आपण पोथ्यांना नवी वेष्टनं घालतो, मुलं पुस्तकांना खाकी कव्हरं घालतात. आठवीपर्यंतची पुस्तकं सरकारकडून फुकट मिळतात; नववीला ती विकत घ्यावी लागतात. दुपारचं शाळेतलं जेवणही आठवीपर्यंतच. गरीब घराला नववी ही अशी एकदम जड होते, हे मला शाळेत जाऊ लागल्यावर समजलं.

शाळेचं एक सत्र म्हणजे नुसता अभ्यास असं माझ्या डोक्यात होतं. प्रत्यक्षात दर आठवड्याला काहीतरी चालू. जुलैत झाडं लावणं आणि आषाढीची दिंडी. १ ऑगस्टला लोकमान्य टिळकांची पुण्यतिथी आणि अण्णाभाऊ साठे यांची जयंती, म्हणून भाषणं. १५ ऑगस्टची कवायत. ५ सप्टेंबरला मुलंच शिक्षक होतात, त्या दिवशी एका मुलीने माझाही तास घेतला आणि "मागं कोण बोलतंय?" असं मलाच दटावलं. मग कबड्डी आणि खो-खोच्या स्पर्धा. विज्ञानासाठी 'इन्स्पायर-मानक' योजना आहे. मुलाची कल्पना निवडली गेली तर ती बनवून बघायला १०,००० रुपये मिळतात. चित्रकलेच्या एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या सरकारी परीक्षा असतात. इंटरमिजिएटला अ श्रेणी मिळाली तर दहावीत ७ गुण वाढतात, ब ला ५ आणि क ला ३. मुलं पाटीएवढा कागद मांडीवर घेऊन लोटा आणि वांगं काढत बसलेली असतात, ते उगीच नाही.

माझ्या वाट्याला आला तो मुलांचा बाजार. प्रत्येकाने घरून काहीतरी आणायचं, शाळेच्या पटांगणात विकायचं, आणि मग माझ्यासमोर बसून जमाखर्च लिहायचा. कोणी भेंडी आणली, कोणी लिंबू सरबत. एक मुलगी शेंगदाण्याचे लाडू घेऊन आली होती. तिने लिहिलं: शेंगदाणे, गूळ, गॅस, कागद, आणि खाली, "आईची मजुरी, दोन तास, ८० रुपये." विक्री वजा खर्च केल्यावर तिच्या हाती जेमतेम १५ रुपये नफा उरला. बाकीच्यांचा शंभर-दीडशे. मुलं हसायला लागली. मी सगळ्यांना म्हटलं, या वर्गातला एकच हिशोब पूर्ण आहे. सख्यांनो, इतकी वर्षं घर चालवून माझ्या स्वतःच्या वहीत ती ओळ मी कधी पाहिलेली नव्हती.

ही मुलगी आठवीत असताना राष्ट्रीय आर्थिक दुर्बल घटकांच्या शिष्यवृत्तीच्या परीक्षेत निवडली गेली होती. शाळेत सगळे तिला एनएमएमएस म्हणतात. केंद्र सरकारची ही योजना २००८ साली सुरू झाली. आठवीतल्या मुलांची परीक्षा. एक पेपर बुद्धीचा, एक शालेय विषयांचा, दोन्हींत ९०-९० प्रश्न. पालकांचं वर्षाचं उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत हवं, आणि शाळा सरकारी, पालिकेची, जिल्हा परिषदेची किंवा अनुदानित हवी. निवड झाली की नववी ते बारावी चार वर्षं, वर्षाला १२,००० रुपये थेट मुलाच्या बँक खात्यात. एकूण ४८,०००.

पण त्यासाठी मूल शाळेत नियमित हवं. दर वर्षी पोर्टलवर अर्ज भरावा लागतो, वर्ग पहिल्या खेपेला पास व्हावा लागतो. आणि जुलैच्या शेवटी ही मुलगी शाळेत येईनाशी झाली.

बाई आणि मी तिच्या घरी गेलो. आजीचं खुब्याचं हाड मोडलं होतं आणि तिला ऑपरेशनला मुंबईला थोरल्या मुलाकडे नेलं होतं. इतके दिवस धाकट्याला आजीच सांभाळायची. धाकटा अडीच वर्षांचा. अंगणवाडीत तीन पूर्ण झाल्यावर बसता येतं. आई शिरवळला कंपनीत, वडील टेम्पोवर. मग घरात राहणार कोण? वडील शांतपणे म्हणाले, "हुशार आहे ती. दहावीला सतरा नंबरचा फॉर्म भरू. घरी बसून करील."

सतरा नंबरचा फॉर्म म्हणजे बाहेरून दहावीला बसणं. शाळा मध्येच सुटलेल्यांसाठी ती सोय फार चांगली आहे. पण शाळेत जाणारी मुलगी त्या दाराने बाहेर पडली की शिष्यवृत्ती गेली, आणि माझ्या अनुभवात अशी मुलगी पुढे फॉर्म भरतेच असंही नाही. वडिलांना मी दोष देत नाही. आईची पाळी सुटली तर घराचा हप्ता कसा भरणार, हा त्यांचा प्रश्न खरा होता. मुलगी दाराशी उभी राहून भावाचं नाक पुसत होती. एक शब्द बोलली नाही.

मी म्हटलं, "आजी परत येईपर्यंत नाहीतर हा तीन वर्षांचा होईपर्यंत आमच्या पडवीत राहू दे. शाळा भरते तेव्हा आणून सोडायचं, सुटली की घेऊन जायचं." आई पटकन म्हणाली, "काकू, तुमचं सोवळं असतंय. आमच्याकडं अंडं चालतं, मटण चालतं. पोरगं कुठंही हात लावंल." तिने ते रागाने म्हटलं नव्हतं, काळजीने म्हटलं होतं. आणि प्रश्न बरोबर होता, कारण चातुर्मास लागलेला होता आणि पुढे दशलक्षण पर्व होतं.

त्या रात्री मी आणि हे पुष्कळ बोललो. आपण चार दानं सांगतो: आहारदान, औषधदान, शास्त्रदान, अभयदान. शास्त्रदानासाठी आपण पोथ्या छापून देतो, आणि ते चांगलंच आहे. पण एका मुलीचं पुस्तक मिटू न देणं हेही त्यातच येतं ना? ह्यांनी मला लक्ष्मीबाई पाटलांची आठवण करून दिली. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली रयत शिक्षण संस्था काढली, १९२४ साली साताऱ्यात सगळ्या जातीधर्मांच्या मुलांचं एकत्र वसतिगृह सुरू केलं. त्या मुलांच्या जेवणाची काळजी वाहिली ती लक्ष्मीबाईंनी. कुंभोजच्या आपल्या जैन घरातल्या, सोवळ्यात वाढलेल्या बाई. मुलांच्या पोटासाठी त्यांनी अंगावरचे दागिने दिले, शेवटी मंगळसूत्रही दिलं. १९३० साली त्या गेल्या. २२ सप्टेंबरला कर्मवीरांच्या जयंतीला शाळांमधून भाषणं होतात, त्यात लक्ष्मीबाईंचं नाव एखाद्या वाक्यात येतं. सोन्याचं तर सोडाच, माझ्याकडे फक्त पडवी मागितली जात होती.

नियम मात्र मी सोडले नाहीत, हे स्पष्ट सांगते. मी आईला म्हटलं, "डबा पाठवू नको. आमच्या घरात जे शिजतं ते तो खाईल. तुमच्या घरी तुमचं." तिला ते आवडलं, सकाळचा एक डबा वाचला, असं म्हणून ती हसली.

पहिल्या दिवशी धाकट्याने ताटाकडे बघून विचारलं, "बटाटा?" आता बटाटा कुठून आणू! मग आपली कच्च्या केळ्याची भाजी कामाला आली. केळी सालासकट वाफवून घ्यायची, सोलून फोडी करायच्या, आणि जिरं, हिंग, हळद, हिरवी मिरची, वर थोडं दाण्याचं कूट. लहान मुलासाठी मिरची वगळून मिरपूड चिमूटभर. त्याने "पिवळा बटाटा" म्हणून दोनदा मागून खाल्ली. मुगाची आमटी, ज्वारीची भाकरी, दुधीचा थालीपीठवजा धिरडा, सगळं चाललं. कांदा त्याने एकदाही मागितला नाही.

एका मैत्रिणीने फोनवर विचारलं, "पर्वाच्या दिवसांत एकाशन करतेस, पूजा करतेस, त्यात हे लेकरू कसं गं?" मी पूजा पहाटे उरकून घेत होते. स्वाध्यायाला बसले की तो शेजारी पाटीवर रेघोट्या ओढायचा. उत्तम त्यागाच्या दिवशी तर त्याने माझी चष्म्याची दांडी मोडली, म्हणून त्या दिवशी वाचनाचाही त्याग घडला! दुपारची झोप गेली, गुडघे दुखले, हेही खरं. पण दहा दिवस दहा धर्मांची नावं म्हणताना या वर्षी प्रत्येक नावापाशी मला काही ना काही काम होतं.

इकडे शिष्यवृत्तीचे कागद. उत्पन्नाचा दाखला भोरहून काढायचा, बँक खातं मुलीच्या नावाचं आणि आधारशी जोडलेलं हवं, आधारवरचं नाव आणि शाळेच्या दाखल्यावरचं नाव अक्षरशः तेच हवं. तिच्या आधारवर वडिलांच्या नावात एक वेलांटी वेगळी होती. त्या एका वेलांटीसाठी तिच्या वडिलांनी टेम्पोचा एक दिवस मोडला. गेले ते स्वतःच, मी सांगायला गेले नव्हते. आल्यावर मुलीच्या हातात कागद दिला आणि म्हणाले, "आता नीट अभ्यास कर." अर्ज मुदतीच्या आत गेला.

सत्र परीक्षा झाली. ती वर्गात तिसरी आली. पूर्वी पहिली यायची. तिला वाईट वाटलं, मला नाही. मधले अडीच आठवडे बुडवून, घरचं करून तिसरी येणं मला मोठं वाटतं. शाळेच्या फलकावर या सत्राचे मानकरी लिहिले होते: कबड्डीचा संघ, चित्रकलेची मुलं, वक्तृत्वातला एक मुलगा. तिचं नाव तिथे नव्हतं. ती शाळेत होती, एवढंच तिचं या सत्रातलं यश, आणि त्यासाठी फलकावर रकाना नसतो.

पुढचं सगळं जमलंय असं नाही. आजी काठी घेऊन चालते, पण अजून मुंबईतच आहे. धाकटा कार्तिकात तीन वर्षांचा होईल आणि अंगणवाडीत जाईल; पण अंगणवाडी सुटल्यावर दुपारचा प्रश्न उरतोच, तेव्हा पडवी चालूच राहणार. दहावीनंतर ती पुढे कुठे शिकणार, यावर वडील अजून काही बोलत नाहीत. अकरावीला शिष्यवृत्ती चालू राहायला दहावीत ६० टक्के लागतात. ते ती मिळवील याची मला शंका नाही.

सख्यांनो, आता तुमच्यासाठी. दिवाळीनंतर शाळा पुन्हा उघडतील. आठवीची ही परीक्षा साधारणपणे डिसेंबरात असते. तुमच्या धुणंभांड्याच्या बाईंची, वॉचमनची, दुकानातल्या पोऱ्याच्या बहिणीची आठवीतली मुलगी असेल, तर तीन गोष्टी विचारा: शाळेने परीक्षेचा फॉर्म भरलाय का? मुलीच्या नावाचं बँक खातं आहे का? आधार आणि शाळेच्या दाखल्यावरचं नाव जुळतंय का? गावातली मुलगी असेल तर तिला एसटीचा पास आहे का, तेही पाहा. पाचवी ते बारावीच्या मुलींना अहिल्याबाई होळकर योजनेत तो मोफत मिळतो. यात पैसा लागत नाही. लागते ती आपल्याला घरात रोज लागणारीच गोष्ट, चिकाटी.

आणि कच्च्या केळ्याच्या भाजीत शेवटी लिंबू पिळायला विसरू नका.

जय जिनेंद्र!