घाटात डोळे मिटणारी बाई

घाट सुरू झाला की तुम्ही डोळे मिटून घेता का? मग हे तुमच्यासाठीच आहे. घेत नसाल, तर तुमच्या गाडीत दाराचं हँडल घट्ट धरून बसणारी कुणीतरी नक्की असेल. तिला वाचून दाखवा.

मी नऊ वर्षांची होते. आंबा घाट उतरताना मामाच्या अँबॅसिडरचे ब्रेक लागेनासे झाले. मामाने प्रसंग ओळखून गाडी डोंगराच्या बाजूच्या गटारात घातली. कुणाला खरचटलंसुद्धा नाही. डबा उघडून आम्ही तिथेच दशम्या खाल्ल्या. पण त्या दिवसापासून घाट आला की माझे डोळे आपोआप मिटतात. लग्न होऊन वडोदऱ्याला आले, तिथे सगळं सपाट. माहेरी जायचं ते रेल्वेने. कुणी गाडीने चला म्हटलं की मी सांगायची, "मला गाडी लागते." खरं कारण फक्त ह्यांना ठाऊक होतं.

लेक नोकरीसाठी झुरिकला गेली आणि तिथे सायकलवर डोंगर चढायला लागली. गेल्या वर्षी सप्टेंबरमध्ये आम्ही तिच्याकडे गेलो, तेव्हा तिने आधीच ठरवून ठेवलं होतं : आल्प्समधली गॉटहार्डची खिंड. उंची २,१०६ मीटर. ह्यांना गाडी चालवायची हौस, तिला सायकलची. राहिले मी. "तू चाल," ती म्हणाली. "चालताना तुला कधी भीती वाटलीय?"

खरंच, कधी वाटली नव्हती!

निघण्याआधी तिने आम्हाला झुरिकच्या कलासंग्रहालयात नेऊन एक चित्र दाखवलं. रुडॉल्फ कोलर यांनी १८७३ साली काढलेलं, 'गॉटहार्डची टपालगाडी'. घाटातून घोडागाडी भरधाव खाली येतेय, धुरळा उडालाय आणि घोड्यांच्या पुढे एक वासरू जीव घेऊन पळतंय. लोक घोड्यांचं कौतुक करत होते. मी त्या वासराकडेच बघत राहिले. ती मीच होते.

आम्ही आंदरमाट गावात मुक्काम केला. पहिल्या दिवशी दात्यांच्या रुळावरून चालणाऱ्या छोट्या गाडीने खाली गेशेनेनला गेलो आणि शोलेनेनच्या घळीतून पायी वर आलो. दोन्हीकडे ग्रॅनाइटचे सरळ कडे आणि मधून रॉइस नदी नुसती आदळत चाललेली. शेजारचा माणूस बोललेला ऐकू येत नाही. या घळीवर पूल बांधणं माणसांना जमेना, तेव्हा म्हणे सैतानाने तो बांधून दिला. अट एकच, पुलावरून पहिला जाईल तो जीव माझा. गावकऱ्यांनी पुढे बोकड सोडला. सैतान चिडला, पूल फोडायला त्याने भलाथोरला धोंडा उचलला, पण वाटेत तो खाली ठेवला आणि तो तिथेच राहिला. तो धोंडा आजही गेशेनेनला आहे. वजन सुमारे २२० टन. महामार्गाच्या वाटेत आला म्हणून १९७०च्या दशकात त्याला १२७ मीटर बाजूला सरकवला, पण फोडला नाही. हे मला फार आवडलं. आपल्या बोर घाटातही वाट दाखवणाऱ्या शिंगरोबाचं देऊळ आहेच. गंमत म्हणजे बोर घाटात गाड्यांचा रस्ता झाला १८३० साली, आणि इथल्या दोन पुलांपैकी जुना पूलही १८३०चाच आहे.

त्या पुलावर मी कठड्याशी उभी राहून खाली पाहिलं. चांगलं पाच मिनिटं. डोळे उघडे! ह्यांनी फोटो काढला आणि काही बोलले नाहीत, हे त्यांचं मोठेपण.

दुसऱ्या दिवशी मात्र गाडी होती. खिंडीच्या दक्षिणेला ऐरोलो नावाचं गाव आहे (नवी मुंबईकरांनो, हसू नका). तिथून वर जाणारा जुना रस्ता म्हणजे ट्रेमोला. दगडी फरसबंदी, एकावर एक चोवीस तीव्र वळणं. खालून पाहिलं तर नऊवारीच्या निऱ्या घातल्यासारखा दिसतो. नावाचा संबंध थरथरण्याशी आहे, हे लेकीने मला मुद्दाम आधी सांगितलं नव्हतं.

ऐरोलोला आम्ही डोंगराच्या पोटातून, १९८० साली उघडलेल्या रस्त्याच्या बोगद्यातून गेलो. जवळजवळ सतरा किलोमीटर. सुट्टीच्या दिवशी त्याच्या तोंडाशी लांबलचक रांगा लागतात, आम्हाला मंगळवार मिळाला. बोगद्यात मी मजेत होते. डोळे उघडले काय नि मिटले काय, सारखंच. त्याच्या शेजारून १८८२ सालचा पंधरा किलोमीटरचा रेल्वेचा बोगदा जातो. तो खणताना सुमारे दोनशे कामगार गेले, आणि ज्याने कंत्राट घेतलं होतं तो लुई फाव्र १८७९ साली बोगद्यातच कोसळला. पलीकडून येणाऱ्यांशी गाठ पडलेली त्याला बघायला मिळाली नाही. आता तर अजून खोल ५७ किलोमीटरचा तिसरा बोगदा झालाय, २०१६ साली. म्हणजे वरचा घाट चढायची आज कुणालाच गरज नाही. जे जातात ते हौसेने जातात.

ऐरोलोला लेक सायकलवर बसली. "आई, तू फक्त वळणं मोज. चोवीस आहेत. मोजायला डोळे उघडे लागतात," असं म्हणून निघून गेली. आम्ही तासभर कॉफी पीत बसलो. मी दोन घेतल्या, तेवढाच वेळ.

तिकडे गाड्या रस्त्याच्या उजव्या बाजूने चालतात. म्हणजे चालक डावीकडे आणि मी उजवीकडे, थेट काठाला. पहिली तीन वळणं मोजली. चौथ्याला दरी माझ्या खांद्याशी आली आणि डोळे मिटले. ह्यांनी गाडी तशीच हळू ठेवली आणि स्वतःच मोजायला लागले. "पाच... सहा..." फरसबंदीवरून चाकं खडखडत होती, तेवढं कळत होतं. मनात मामाची अँबॅसिडर.

"अगं, ती बघ!"

डोळे उघडले. दोन वळणं वर एक पिवळं हेल्मेट. दगड रात्रीच्या पावसाने ओले होते. ती पेडलवर उभी राहून, डावी-उजवीकडे झुलत चढत होती. वळणामागे गेली, दिसेनाशी झाली. माझा श्वास अडकला. पुढच्या वळणाला पुन्हा दिसली. वरून तीन मोटरसायकली उतरत आल्या, तिच्या कोपराला लागतील इतक्या जवळून गेल्या असं मला वाटलं. ह्यांच्या म्हणण्याप्रमाणे चांगली दोन हात जागा होती.

आम्ही तिला गाठलं. आमच्या पुढे ती, मागे गाडी. कोलर यांचं चित्र एकदम डोळ्यांपुढे आलं, आणि या वेळी घोड्यांच्या जागी आम्ही होतो.

"अंतर ठेवा. अहो, अजून. हॉर्न वाजवू नका, दचकेल. त्या कडेला शेवाळ दिसतंय, तिला सांगा. नको, राहू दे, बोलू नका."

"तू डोळे मीट बघू," हे म्हणाले.

कसे मिटणार?

(तुम्ही जाणार असाल तर एवढं लक्षात ठेवा : हा घाट बर्फामुळे हिवाळ्यात बंद असतो, जून ते ऑक्टोबर हा त्याचा काळ, तरी निघण्याच्या दिवशी रस्ता उघडा आहे का ते पाहा. डोंगरी रस्त्यांवर निळ्या पाटीवर पिवळा बिगुल दिसला की तिथे टपालखात्याच्या पिवळ्या बसला आधी वाट द्यायची. आंधळ्या वळणावर ती तीन सुरांचा भोंगा वाजवते. उतरताना गाडी खालच्या गिअरमध्ये ठेवा, नुसत्या ब्रेकवर राहू नका. हे मामाला कुणी सांगितलं असतं तर माझी चाळीस-पन्नास वर्षं वाचली असती.)

वर खिंडीत तळं आहे, जुनी धर्मशाळा आहे. उत्तरेला वाहणारं पाणी ऱ्हाइनमधून उत्तर समुद्राला जातं, दक्षिणेचं पो नदीतून एड्रियाटिकला. हे पाटी वाचून सांगत होते, मी ऐकत नव्हते. लेक सायकल भिंतीला टेकवून हेल्मेट काढत होती. मी जाऊन तिच्या घामेजलेल्या पाठीवर माझी शाल टाकली.

"किती झाली गं वळणं?"

"सहापर्यंत बाबांनी मोजली," मी म्हटलं. "पुढची मोजायची राहिली."