आधी मागची चाकं

मंडळी, बऱ्याच दिवसांनी लिहायला बसले आहे. पावसाळ्यात गुडघे बोलायला लागतात, वीज जाते, आणि मधे एक प्रसंग असा घडला की तो लिहावा की नाही हेच ठरत नव्हतं. आता घरात सगळ्यांना कळलंच आहे, तेव्हा तुम्हालाही सांगते. नागपूरच्या वन्सं वाचून फोन करतीलच. करू देत.

आमच्या थोरल्या नातवाने दोन वर्षांपूर्वी एक जुनी होंडा सिव्हिक घेतली, २०१२ सालची. पहिल्या पगारापासून साठवलेले पैसे, वर थोडं कर्ज. गाडी चांगली होती, पण साहेबांना ती उंच वाटायला लागली! पुण्यातल्या एका गॅरेजात जाऊन त्याने मूळच्या स्प्रिंगा काढल्या आणि आखूड स्प्रिंगा बसवून घेतल्या. गाडी चाळीस-एक मिलिमीटर खाली आली. "आजी, आता कशी जमिनीला धरून दिसते बघ," म्हणाला. मला ती मांडी घालून बसल्यासारखी दिसली. आत बसायचं म्हणजे पाटावर बसायचं, आणि उतरताना मला दोन माणसं लागतात. शिवऱ्यात हायवे सोडून आत वळलं की स्पीडब्रेकरला पोट घासतं. इंडियन रोड्स काँग्रेसच्या नियमाने गोल स्पीडब्रेकर १० सेंटिमीटर उंच आणि ३.७ मीटर रुंद असायला हवा, म्हणजे गाडी अलगद चढते आणि अलगद उतरते. पण गल्लोगल्लीचे स्पीडब्रेकर ज्याने त्याने आपल्या रागाच्या उंचीचे घातलेले असतात. त्यांना कोण नियम सांगणार?

त्याच्या वडिलांना, म्हणजे आमच्या चिरंजीवांना, हे मुळीच पटलं नाही. त्यांनी मोटार वाहन कायदा वाचून दाखवला. १९८८ च्या या कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे कंपनीने ठरवलेल्या मूळ रचनेत मनाजोगा बदल करता येत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तेच बजावलं आहे. नातू म्हणाला, "बाबा, सगळेच करतात." झालं! त्या दिवसापासून बापलेकांचं बोलणं "मीठ दे" आणि "गेट लाव" एवढ्यापुरतं उरलं. मूळच्या स्प्रिंगा माळ्यावर तांदळाच्या कणगीशेजारी गोणपाटात गुंडाळून ठेवल्या गेल्या.

इथे एक कबुली देते. त्या आखूड स्प्रिंगांचे पैसे माझ्या पेन्शनमधले होते. "वाढदिवसाचे" म्हणून दिले, पण कशासाठी हवेत ते मला ठाऊक होतं. मुलाला मी हे सांगितलं नव्हतं.

जुलैत माझ्या मोतीबिंदूच्या तपासणीला आम्ही पुण्याला गेलो होतो. परतताना संध्याकाळ झाली. कात्रजचा नवा बोगदा ओलांडला आणि शिंदेवाडीच्या उतारावर पाऊस असा कोसळायला लागला की पुढच्या ट्रकचा नुसता लाल दिवा दिसत होता. गाडी फार वेगात नव्हती. एका वळणावर नातवाने वेग कमी करायला पाय उचलला मात्र, आणि गाडीचा मागचा भाग आपल्या मनाने बाहेर निघाला. मी डावीकडे बसले होते. डोंगराचा कडा समोरून आडवा सरकताना दिसला. त्याने स्टिअरिंग सावरलं, गाडी दोनदा डुलली आणि सरळ झाली. मागून येणाऱ्या ट्रकने हॉर्न वाजवला तो अजून कानात आहे.

कुणाला खरचटलंही नाही. पण टोलनाका येईपर्यंत आम्ही दोघंही बोललो नाही. मग तो म्हणाला, "आजी, बाबांना सांगू नकोस." आणि मी "बरं" म्हटलं. पस्तीस वर्षं शाळेत मुलांना खरं बोलायला शिकवलं, आणि घरी येऊन मुलाच्या समोर गुपचूप भाकरी मोडली.

दुसऱ्या दिवशी रविवार. नातवाने गाडी जॅकवर घेतली आणि मागचं चाक काढलं. मला वाकवत नाही, म्हणून त्याने चाक ओसरीच्या पायरीवर आणून ठेवलं. बाहेरून पाहिलं तर टायरच्या खाचा छान शाबूत. त्याने चाक फिरवून आतली कड दाखवली. खाच नाहीच, रबरही संपलेलं, तारा वर आलेल्या. मी बोट फिरवलं तर टोचलं. दुसऱ्या चाकाचंही तेच. पुढून, मागून, बाजूने गाडी रोज बघायची, धुवायची, पुसायची, आणि झीज मात्र अशा जागी की गुडघे टेकून आत डोकावल्याशिवाय दिसणार नाही.

"अरे, पण तू अलाइनमेंट करून घेतली होतीस ना?" मी विचारलं.

घेतली होती. पण तिथल्या माणसाने सांगितलं होतं, अलाइनमेंट पुढच्याच चाकांची असते, मागची चाकं काय, नुसती मागून येतात!

नातवाने मला कागदावर चित्र काढून समजावलं. पुष्कळशा लहान गाड्यांमध्ये मागची दोन्ही चाकं एकाच आडव्या तुळईला जोडलेली असतात. तिथे सहज फिरवण्यासारखं काही नसतं, आणि गाडी थोडी खाली आणली तरी चाकांच्या कोनात विशेष फरक पडत नाही. त्या कारागिराचा अनुभव बहुधा तसल्या गाड्यांचा. सिव्हिकची मागची चाकं मात्र स्वतंत्र. प्रत्येक चाकाला वर-खाली वेगवेगळे आडवे दांडे धरून ठेवतात, आणि वरचा दांडा खालच्यापेक्षा आखूड असतो. गाडी खाली बसली की हे दांडे तिरके होतात आणि चाकाचा माथा आत ओढला जातो. या झुकावाला कँबर म्हणतात. त्यात स्प्रिंगा बदलणाऱ्याने उजव्या चाकाच्या दांड्याचा तो विशिष्ट बोल्ट सैल केला आणि जिथे आला तिथे आवळून टाकला. या बोल्टची चकती मध्यावर नसते, एका अंगाला असते. तो जरासा फिरवला की दांडा सरकतो आणि चाकाचं तोंड आत किंवा बाहेर वळतं. त्याला टो म्हणतात. माझ्या भाषेत, कँबर म्हणजे चाक सरळ उभं आहे की कललेलं, आणि टो म्हणजे त्याचं तोंड कुठे आहे.

संध्याकाळपर्यंत मला राहवेना. चिरंजीव झोपाळ्यावर बसले होते. त्यांना कालचा प्रसंग सांगितला, आणि पैशांचंही सांगितलं. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "आई, तू गाडीत होतीस." एवढंच. ओरडले असते तर मला सोपं गेलं असतं. उठले, ओसरीत गेले, आणि त्या चाकाच्या आतल्या कडेवरून त्यांनीही बोट फिरवलं.

नातू माझ्यावर रुसला हे सांगायला नको. तीन दिवस "आजी" अशी हाक ऐकू आली नाही.

पुढच्या रविवारी सकाळी अंगणात वेगळंच दृश्य. चिरंजीवांनी माळ्यावरून ह्यांची पत्र्याची पेटी काढली होती. आमचे हे गणिताचे शिक्षक. हे घर बांधताना गवंड्यावर विश्वास नाही म्हणून सगळं स्वतः मोजत. पेटीत सुती दोरीचं बिंडं, पितळी ओळंबा, गुण्या, स्टीलची पट्टी, पाण्याची नळी, सगळं जागच्या जागी. चिरंजीव नातवाला म्हणाले, "यंत्राकडे जायच्या आधी आपण बघू तर खरं." कारखान्यात त्यांचं आयुष्य मापं घेण्यात गेलं आहे. शिकवायला लागले की राग विसरतात, हा गुण वडिलांचा.

आधी पाण्याच्या नळीने फरशी समपातळीत आहे का ते पाहिलं. एका चाकाखाली पातळ फळी सरकवावी लागली. चारही टायरमध्ये हवा सारखी केली. गाडी जॅकवरून उतरवल्यावर लगेच मापायची नाही. चार पावलं पुढे-मागे ढकलायची, म्हणजे स्प्रिंगा आपल्या जागी बसतात. मग गाडीच्या दोन्ही बाजूंनी, चाकाच्या मध्याच्या उंचीवर, दोऱ्या ताणल्या. दोन दोऱ्यांमधलं अंतर पुढे आणि मागे अगदी एक हवं, आणि दोन्ही गाडीच्या मध्यरेषेला समांतर हव्यात. पुढच्या आणि मागच्या चाकांमधलं अंतर सारखं नसतं, म्हणून नुसती टायरला टेकवून दोरी बांधली की फसगत होते. एक टोक माझ्या हातात होतं. "आजी, हलू नकोस," असं नातू म्हणाला. तीन दिवसांनी हाक आली, ती अशी.

ओळंबा चाकाशेजारी टांगला. रिंगचा माथा खालच्या कडेपेक्षा बावीस मिलिमीटर आत होता. म्हणजे जवळजवळ तीन अंश कललेलं. मग दोरीपासून रिंगच्या पुढच्या आणि मागच्या कडेचं अंतर मोजलं. डावं चाक सरळ निघालं. उजव्याची पुढची कड सहा मिलिमीटर बाहेर! दोन चाकांची तोंडं एकमेकांपासून फाकलेली. सरळ जाताना गाडी त्यातला मधला रस्ता धरते, म्हणजे प्रत्येक चाक तीन मिलिमीटर चुकीच्या दिशेला. रिंग ४३ सेंटिमीटरची. चिरंजीवांनी पाटीवर हिशेब मांडला: तीन भागिले चारशे तीस, म्हणजे एका किलोमीटरला सात मीटर टायर आडवा घासतो. इथून स्वारगेट तीसेक किलोमीटर. तेवढ्यात दोनशे दहा मीटर! टायर तिरका असल्यामुळे भार आतल्या कडेवर, आणि घासणं वर त्यावरच. दोन्ही मिळून रबराचं खोबरं किसलं गेलं.

आणि उतारावर गाडी मागून का सुटली, तेही उमगलं. मागची चाकं किंचित आत वळलेली असली की गाडी रेघ धरून चालते. ती बाहेर फाकली की प्रत्येक जण आपल्या वाटेने जायला बघतो. त्यात टायर झिजलेले, आणि पाऊस. पुढच्यांचं तोंड मात्र त्या कारागिराने मागच्यांच्या वाकड्या चालीला जुळवून ठेवलेलं, म्हणून स्टिअरिंग सरळ आणि आम्ही निर्धास्त.

वरचे दांडे लांबी कमी-जास्त करता येतील असे मागवले. ते यायला दहा दिवस लागले, तोवर गाडी अंगणातच होती. नवे दोन टायर घेतले. मग हायवेवरच्या, चारही चाकं मापणाऱ्या यंत्राच्या दुकानात तिघं गेलो. चाकांना पंजे लावून त्यावर पाट्या बसवतात, समोरचे कॅमेरे त्या बघतात आणि पडद्यावर लाल-हिरवे आकडे येतात. तिथला कारागीर माझ्या वयाच्या जवळपासचा. मला स्टूल दिलं, चहा दिला, आणि काम करता करता सांगत होता. आधी मागची चाकं, मग पुढची. कारण गाडी कुठे जाणार हे मागची ठरवतात आणि पुढच्यांना त्या रेषेला जुळवायचं असतं. मागच्यांतही आधी झुकाव, मग तोंड, कारण झुकाव बदलला की तोंड पुन्हा हलतं. आणि रबरी बुशांचे बोल्ट गाडी हवेत टांगलेली असताना शेवटचे आवळायचे नाहीत. चाकांवर वजन आल्यावरच आवळायचे, नाहीतर रबराला कायमचा पीळ बसतो आणि ते फाटतं. हे त्याने सांगितलं तेव्हा चिरंजीव नातवाकडे बघत नव्हते आणि नातू चिरंजीवांकडे बघत नव्हता, पण दोघंही ऐकत होते.

झुकाव दीड अंशावर आणला. दोन्ही चाकांची तोंडं एकेक मिलिमीटर आत. शेवटी पुढची जुळवली आणि छापील कागद हातात दिला. आमच्या दोरीच्या आणि यंत्राच्या मापात अर्ध्या मिलिमीटरचा फरक होता. ह्यांना सांगायला हवं होतं.

येताना पाऊस होताच. मी मागे बसले, चिरंजीव पुढे. गाडी सरळ चालली. पाचशे किलोमीटर झाले की पुन्हा दाखवायला जायचं आहे, आणि आतल्या कडेवर दर रविवारी हात फिरवायचा असं ठरलं आहे. ते काम माझ्याकडे आहे. पायरीवर बसून जमेल तेवढं मी बघते, बाकीचं नातू वाकून बघतो.

कायद्याचा मुद्दा मात्र तसाच आहे, हे प्रामाणिकपणे सांगायला हवं. कोन जुळले म्हणून गाडी कायद्यात बसली असं होत नाही. चिरंजीव आता वाद घालत नाहीत. तांदूळ काढायला माळ्यावर गेले की गोणपाट झटकून, स्प्रिंगांना थोडं तेल लावून परत ठेवतात. गंज चढू नये म्हणून! नातू ते बघतो. परवा त्याने मला विचारलं, "आजी, मूळच्या स्प्रिंगा घातल्या तर सगळं पुन्हा मापावं लागेल ना?"

लागेल, म्हटलं. उंची बदलली की सगळंच पुन्हा मापावं लागतं. दोरी पेटीत आहे.