पुढचे ठाऊक असलेली

यवतमाळला आमच्या स्वयंपाकघरात सध्या चीनचा राजवाडा उतरला आहे! तोंग ह्वा यांच्या ‘बूबू जिंगशिन’ कादंबरीवरची २०११ सालची मालिका भाची मोबाइलवर पाहते. करंज्यांना मुरड घालता घालता मीही. आजची मुलगी अपघाताने कांगशी बादशहाच्या काळात जाऊन पडते. कोणत्या राजपुत्राला गादी, कुणाला बंदिवास, सारे तिने आधीच वाचलेले. तरी जीव जडतोच. जयंत नारळीकरांचे गंगाधरपंतही ट्रकच्या धडकेने मराठ्यांनी पानिपत जिंकलेल्या इतिहासात पोचतात. पण प्राध्यापकच ते, ग्रंथालय गाठतात!

“मावशी, पुढचे सगळे ठाऊक असूनही तू लग्नाच्या दिवसांत परत गेली असतीस?”

हे जाऊन चार वर्षे झाली.

“गेले असते,” मी म्हटले, “आणि त्यांना काही कळू दिले नसते.”